मदत हवी आहे : नायजेरियात पीएचडी, कसाव्याचे जिवाणू आणि गेलेली लाईट

चिकवडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विषय आडवळणाचा आहे, पण इथे सूक्ष्मजीवशास्त्रवालेही आहेत आणि आफ्रिकेत राहून आलेलेही, म्हणून विचारायचं धाडस करते.

पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, मग सहा वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी. नवऱ्याची बदली नायजेरियात झाली. इथे येऊन वर्षभर पडदे बदलले, लोणची घातली, शेवटी कंटाळून नैर्ऋत्य भागातल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे रडगाणं आहे आणि जग लहान आहे.

माझा विषय गारी. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. तो सर्वांत जास्त नायजेरियातच पिकतो, वर्षाला साधारण ६ कोटी टन. गारी करायची म्हणजे कंद सोलून किसायचा, कीस पोत्यात भरायचा, पोतं दगडाखाली किंवा जॅकखाली दाबून दोन-तीन दिवस ठेवायचं. पाणी निथळतं, कीस आंबतो. मग चाळून मोठ्या पसरट कढईत भाजायचा. दिसायला जाडसर रवा, चवीला आंबूस. गरम पाण्यात घोटली की तिचा एबा होतो. हॉस्टेलची पोरं मात्र थंड पाण्यात साखर-शेंगदाणे घालून तशीच खातात. महिनाअखेरीला अख्खं हॉस्टेल त्यावरच जगतं.

आता यातली गोम. कंदात लिनामारिन असतं, म्हणजे सायनाइड बांधून ठेवणारा पदार्थ. किसल्यावर कंदातलंच लिनामारेज हे एन्झाइम त्याच्यापर्यंत पोचतं, त्यातून ॲसिटोन सायनोहायड्रिन होतं, आणि ते फुटलं की हायड्रोजन सायनाइड वायू होऊन उडून जातो. पण कीस आंबला की पीएच उतरतो, आणि आम्लात सायनोहायड्रिन फुटेनासं होतं, तसंच बसून राहतं. ते जातं भाजताना. म्हणजे ज्या आंबण्याने चव येते तेच आंबणं विष जायच्या वाटेत पाय घालतं. किती आंबवावं आणि कोणत्या जिवाणूंनी, हा माझा प्रश्न. त्यातून गारी करणाऱ्या बायकांना देता येईल असं विरजण, म्हणजे स्टार्टर, काढायचंय. या भागात हे काम जुनं आहे. १९५९ मध्ये कोलार्ड आणि लेव्ही यांनी 'नेचर'मध्ये मांडलं होतं की आधी एक कोरिनेबॅक्टेरियम जातीचा जिवाणू पिष्टाचं आम्ल करतो आणि मग जिओट्रिकम ही बुरशी वास आणते. पुढच्या कामात लॅक्टिक जिवाणूच (दह्यात असतात तसले) मुख्य ठरले.

चौदा महिने सहा गावांतल्या गिरण्या फिरून मी ३१ आयसोलेट, म्हणजे वेगळे करून वाढवलेले जिवाणू, जमवले. ग्लिसरॉलमध्ये घालून विभागाच्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवले. ईस्टरच्या सुटीत लाईट गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं, आणि खोलीची किल्ली ज्यांच्याकडे ते गावी. अकराव्या दिवशी दार उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं. ३१ पैकी ९ उगवले.

कुणाला बोल लावत नाहीये. २०२४ मध्ये इथली राष्ट्रीय ग्रिड किती वेळा कोसळली याचा हिशेब लोकांनी सोडून दिला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'बँड ए'चे, म्हणजे जास्त तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचे, दर वाढले आणि विद्यापीठांची बिलं डोळे पांढरे होतील इतकी झाली. लाईट आली की अजून गल्लीभर पोरं 'अप नेपा!' म्हणून ओरडतात. नेपा नावाचं ते वीज महामंडळ २००५ मध्येच गेलं, आरोळी राहिली.

तर मदत हवी ती अशी. लॅक्टिक जिवाणू फ्रीझरशिवाय टिकवायचा भरवशाचा मार्ग आहे का? सायनाइड मोजायला यंत्र आणि वीज नसेल तर काय करावं? आणि ही डिग्री परत आल्यावर भारतात चालेल ना? की मी नऊ आयसोलेट घेऊन गुंडाळावं?

वांद्रे_लोकल

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुणं सोडून पीएचडीला नायजेरिया? लोक उलटे जातात. दोन वर्षांनी परत या आणि इथे करा.

इकेजा_रिटर्न्ड

वांद्रे_लोकल, आफ्रिकेतला कोरोना विषाणूचा पहिला जीनोम मार्च २०२० मध्ये कुठे वाचला गेला माहीत आहे? नायजेरियातच, ओसुन राज्यातल्या एडे गावी, रिडीमर्स युनिव्हर्सिटीत, ख्रिश्चन हाप्पींच्या केंद्रात. लाईट तिथेही जातेच.

ताई, मी अकरा वर्षं लागोसला काढली. तीन गोष्टी. एक, फ्रीझरला फक्त लॅबचा जनरेटर नको. छोटा चेस्ट फ्रीझर घरी घ्या, सोलर आणि इन्व्हर्टरवर, आणि प्रत्येक आयसोलेटची जुळी कुपी तिथे ठेवा. घरच्या मटारांशेजारी नको, इतकंच. दोन, फ्रीझरमध्ये मोकळी जागा सोडू नका. पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा, बंद झाकणाआड गारवा बराच वेळ धरतात. तीन, वेळापत्रकात संप धरा. २०२२ मध्ये प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारीला सुरू झाला तो १४ ऑक्टोबरला मिटला. आठ महिने! त्या काळात फील्डवर्क आणि लेखन ज्यांनी काढून घेतलं ते सुटले.

पेट्रीडिश_आजोबा

चिकवडी, मी मिरजेला कॉलेजात चाळीस वर्षं हेच शिकवलं. भारनियमन आम्हीही भोगलंय. तेव्हा आमच्याकडे उणे वीस म्हणजे परीकथा होती, तरी कल्चर टिकायची.

पहिला उपाय, फिल्टर पेपर. पेपराच्या छोट्या पट्ट्या निर्जंतुक कर. जिवाणू घट्ट वाढवून ते निर्जंतुक साय काढलेल्या दुधात मिसळ, त्यात पट्ट्या बुडव, निर्जंतुक जागी सुकव. सुकल्या की स्क्रूकॅप नळीत तळाशी सिलिका जेल, वर कापूस, त्यावर पट्ट्या, झाकण आवळून पॅराफिल्म. साध्या फ्रिजमध्ये ठेव, आणि तो बंद पडला तरी फ्रीझरमधल्यासारखं एका सुटीत सगळं जाणार नाही. स्ट्रेनप्रमाणे फरक पडतो, म्हणून दर दोन महिन्यांनी एक पट्टी काढून उगवते का बघायची. वहीत तारीख लिहायची, डोक्यात नव्हे.

दुसरा, अगार स्टॅब, म्हणजे घट्ट अगारात सुईने टोचून वाढवलेलं कल्चर. एमआरएस अगारात (लॅक्टिक जिवाणूंचं खाद्य) थोडा कॅल्शियम कार्बोनेट घाल, नाहीतर हे जिवाणू स्वतःच्याच आम्लात मरतात. वाढले की वर बोटभर लिक्विड पॅराफिन. ते आधी ऑटोक्लेव्ह कर, मग ओव्हनमध्ये ठेवून आतली ओल घालव. नाहीतर पांढुरकं दिसतं. गावात कुणाकडे फ्रीझ-ड्रायर असेल तर ॲम्पुल करून घे, त्याला तोड नाही. लागोसमधल्या ओशोडीच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत (फेडरल इन्स्टिट्यूट) विचारून बघ. १९५६ पासूनची संस्था आहे, गारीवरच त्यांचं बरंच काम आहे.

आणि आता रागावतो. 'गुंडाळावं' काय? तुझा स्टार्टर शेवटी कोणाला द्यायचाय? जिच्या गावात फ्रिज नाही त्या बाईलाच ना? मग अकरा दिवस गोठून-वितळून, कुजक्या उकाड्यात जे नऊ तगले, त्यांच्याकडे तुझ्या स्टार्टरचे उमेदवार म्हणून बघ. प्रबंधात ते लपवू नकोस, प्रयोग म्हणून नीट परत कर: तीनदा गोठव, तीनदा वितळव, मोज. फक्त एक लक्षात ठेव, ते नऊ म्हणजे ३१ चे प्रतिनिधी नव्हेत. विविधतेचं प्रकरण लिहायचं तर पुन्हा गोळा करावंच लागेल.

दोन_थेंब

सायनाइडचं मी सांगते, फूड केमिस्ट्रीतली आहे. पिक्रेट पेपर. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या हॉवर्ड ब्रॅडबरींनी कसाव्यासाठीच बसवलेली पद्धत आहे. छोट्या बाटलीत नमुना, बफर आणि एन्झाइमचा कागद, वर पिवळी पिक्रेट पट्टी टांगायची, झाकण घट्ट, रात्रभर तसंच. सायनाइड असेल तशी पट्टी पिवळ्याकडून तपकिरी होत जाते. रंगपट्टीशी ताडून पाहायची. तापमान तिशीच्या आसपास लागतं, म्हणजे तुमच्याकडे इन्क्युबेटरचंही काम नाही, टेबलावर ठेवा! नेमका आकडा हवा असेल तर पट्टी पाण्यात भिजवून ते पाणी ५१० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतं ते मोजायचं, ते लाईट असेल त्या दिवशी.

दोन सूचना. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक, ते कायम ओलं ठेवा आणि विमानाच्या बॅगेतून आणायचा विचारही नको. आणि किसलेला नमुना 'नंतर मोजू' म्हणून ठेवू नका, एन्झाइम थांबत नाही. गिरणीवरच सौम्य फॉस्फोरिक आम्लात अर्क काढा, त्यात लिनामारिन आहे तसं राहतं. गारीसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) सायनाइडची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम आहे, कसाव्याच्या पिठासाठी १०. परीक्षकांसमोर या दोन्हींची गल्लत केलेली मी पाहिली आहे.

इकेजा_रिटर्न्ड

सायनाइडवरून आठवलं. तिथल्याच इबादान शहरातल्या डॉक्टर ओसुंतोकुन यांनी साठच्या दशकात दाखवलं की कसाव्यावर जगणाऱ्या गावांत पाय लटपटण्याचा, नजर मंद होण्याचा जो आजार होता त्याचा संबंध आहारातल्या सायनाइडशी लागतो. मज्जातंतूंच्या आजारावरचं ते काम आजही वाचलं जातं. प्रस्तावनेत घ्या.

वांद्रे_लोकल

बरं बाबा, शब्द मागे. डिग्रीचं मात्र बघून घ्या. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये आलेत. आधी हे एआययू (भारतीय विद्यापीठ संघ) बघायची. पीएचडी नियमित हजेरीची आहे याचे कागद, नोंदणीपत्र, फीच्या पावत्या आत्तापासून एका फाइलीत लावा. पाच वर्षांनी तिथल्या ऑफिसातून कागद काढणं कसं असतं ते आपल्याकडच्या अनुभवावरून सांगतो.

चिकवडी

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. मध्ये पुन्हा चार दिवस लाईट नव्हती, पण या वेळी झोप लागली. नऊच्या नऊ पट्ट्यांवर आहेत, जुळं घरी आहे (मटार वेगळे, शपथेवर). पिक्रेट पेपर गाइडबाईंच्या ओळखीतून मिळाले.

नमुने पुन्हा गोळा करायला जुन्याच गिरणीवर गेले. तिथल्या मालकीणबाईंना सगळे इया म्हणतात, योरूबात आई. माझे जिवाणू मेले हे दुभाष्या पोराने सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की कढईतली गारी हलवायची राहून गेली. मग मला ओढत नेऊन दाबाखालची पोती दाखवली. म्हणाल्या, मी ही पोती कधी साबणाने धूत नाही, नुसती झटकते. धुतली की पुढच्या गारीला आंबटपणा यायला एक दिवस जास्त लागतो. आणि मी मात्र चौदा महिने पोत्यातला कीस घेत होते, पोत्याला कधी हात लावला नव्हता! या वेळी पोत्याच्या आतल्या शिवणीतून स्वॅब घेतले. प्लेटवर पहिल्याच खेपेला दोन अशा वसाहती आल्या ज्या आधीच्या ३१ मध्ये नव्हत्या. निदान दिसायला तरी नव्हत्या, ओळख पटायची आहे.

आजोबा, एक अडलंय. सिलिका जेल इथे महाग आहे. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जमवल्या तर चालतील का? इयांची भट्टी रोज पेटलेली असते, त्या म्हणतात कढईत घालून सुकवून देते.

पेट्रीडिश_आजोबा

पुड्या चालतील, पण आधी फोडून रंग बघ. पांढरी असेल तर सुकव, पण तुझ्या ओव्हनमध्ये. निळी असेल तर त्यात कोबाल्ट असतं, ती इयांच्या कढईच्या जवळपासही नको. आणि शिवणीच्या स्वॅबला तारीख घातलीस का?