व्हीआय या जुन्या टेक्स्ट एडिटरच्या कळांनी डोकं उठवलंय, कुणी मार्ग सांगता का?

कडकभाकरी:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दरपत्रकाची फाइल जुन्या लिनक्स सर्व्हरवर आहे. तिथं नॅनोसारखा सोपा एडिटर नाही, नवीन काही टाकायचं म्हटलं की मालक म्हणतात, चाललंय ते चालू द्या. म्हणजे व्हीआयच. काल सवयीनं कंट्रोल-एस दाबलं आणि स्क्रीन जो गोठला तो हलेना. वैतागून विंडोच बंद केली. कॅप्स लॉक चालू राहिला तर वेगळाच घोळ: खाली जायला जे दाबावं तर ‘टॉवेल ३० बाय ६०’ आणि ‘नॅपकिन’ एका ओळीत. त्यात लॅपटॉपची एस्केप कळ ढिली झालीय. काय करू?

जुनाटायपिस्ट:
मालक, गोठलं नव्हतं ते. कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलला ‘थांब’. टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून छापणाऱ्या यंत्रांच्या काळातली खूण आहे ही. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. पण मधल्या वेळात रागानं कळा बडवू नका. त्या वाया जात नाहीत, आत फाइलवर चालत राहतात. (आम्ही वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या सॉफ्टवेअरवर शिकलो, तिथं कंट्रोल-एसनं कर्सर एक घर डावीकडे जायचा. कुणाकुणाची सवय मोडायची!)

गड्ड्यावरचा:
कायमचा बंदोबस्त करा की. लॉगिन केल्यावर ‘एसटीटीवाय’, स्पेस, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘आयएक्सऑन’, सगळं लहान लिपीत. ही ओळ स्वतःच्या बॅश प्रोफाइलमध्ये (लॉगिनला आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) टाकली की रोजची कटकट गेली. फक्त तुमच्याच लॉगिनला लागू होते, मालकांना विचारायची गरज नाही.
एस्केपऐवजी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस. टर्मिनलला दोन्ही एकच, कोड २७. बिल जॉयनं १९७६ मध्ये व्हीआय लिहिलं ते एडीएम-३ए टर्मिनलवर. त्यात एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती आणि बाण एच-जे-के-एल कळांवरच छापलेले. तेव्हा ते सोयीचंच होतं, भोगतोय आपण.

चटणीभाकर:
मी तर त्या नादालाच लागत नाही. विनएससीपी या फाइल ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमनं फाइल घरच्या मशीनवर ओढतो, नोटपॅड प्लस प्लसमध्ये सुधारतो, परत चढवतो. एकच पथ्य: ओळीचा शेवट युनिक्स पद्धतीचा ठेवायचा. एकदा विसरलो तर स्क्रिप्टनं प्रत्येक दराच्या शेवटी अदृश्य अक्षर धरलं आणि बेरीजच होईना. अर्धा दिवस गेला बे.

जुनाटायपिस्ट:
ते ठीक, पण दोघं एकाच वेळी ओढून बसले तर नंतर चढवणारा आधीच्याचं पुसतो. एखादा दर बदलायला मी तरी तिथंच जाईन. आणि कडकभाकरी, मोठ्या जेनं ओळी चिकटल्या तर लगेच कॅप्स काढून लहान यू. खऱ्या जुन्या व्हीआयमध्ये यू एकच पाऊल मागे येतो, पुन्हा दाबला तर चूक परत आणतो. विम, म्हणजे व्हीआयची सुधारित आवृत्ती, असेल तर अनेक पावलं मागे जा.

कडकभाकरी:
विमच निघालं! फाइल पुन्हा उघडली तर स्वॅप फाइल (विमनं आपोआप ठेवलेली कामाची नोंद) आहे म्हणून इशारा आला. आर दाबलं, कालचं जवळजवळ सगळं परत मिळालं. आधी नव्या नावानं सेव्ह करून ताडून पाहिलं, मगच स्वॅप उडवली. कंट्रोल-एसची ओळही टाकली, आता गोठत नाही.
कंसाची सवय मात्र लावावीच लागणार. एस्केपची टोपी आज दुपारी निघून हातात आली.