मदत हवी आहे : उन्हाळ्यात योगासनांचा नेम कसा टिकवता?

नमस्कार मंडळी. मी जळगावची, वय 47. कंबरदुखीमुळे दोन वर्षांपूर्वी योगासनं सुरू केली. पहिल्या महिन्यात 3 सूर्यनमस्कारांतच धाप लागायची, आता 12 होतात. कंबर सुधारलीच, पण खरा फरक स्वभावात पडला. पूर्वी सासूबाई काही बोलल्या की माझं उत्तर तयार असायचं. आता आधी एक श्वास जातो, मग उत्तर. (कधी कधी उत्तर जातच नाही, तेव्हा त्याच बुचकळ्यात पडतात!)

पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) हाताची बोटं पायाच्या अंगठ्याला लागायला आठ महिने लागले. ओढून लावायला गेले तेव्हा मांडीची शीर धरली आणि आठवडाभर लंगडत होते. तेव्हापासून घाई सोडली.

पण आता एप्रिल-मे आला की गाडी अडते. पारा 44-45 वर, गच्ची रात्रभर तापलेली, लाइट गेली की झोपेचं खोबरं. त्यात लग्नसराई. मागच्या वर्षी तीन आठवडे खंड पडला आणि पुन्हा चटई उघडायला जुलै उजाडला.

खान्देश-विदर्भातल्या लोकांनो, तुम्ही काय करता? पहाटे पाचला उठता, की संध्याकाळी? जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत, त्यामुळे संध्याकाळचं गणित जमत नाही. सूर्यनमस्कार कमी करून नुसता प्राणायाम केला तर चालेल का? शीतली प्राणायामासाठी (थंडाव्यासाठी नळीसारख्या वळवलेल्या जिभेतून श्वास घेतात तो) माझी जीभ वळत नाही, म्हणून दातांमधून श्वास घेऊन सीत्कारी करते. तेवढ्यावर कोणी उन्हाळा काढलाय का?