मोठा रेडिएटर टाकला तरी ट्रॅकवर गाडी तापतेच, मदत हवी आहे

मंडळी, टर्बो स्पोर्ट्स कार आहे, रोजच्या रस्त्यावर तापमानाचा काटा 90 अंशांच्या वर हलत नाही पण ट्रॅकवर चौथ्या लॅपला कूलंट 115 आणि ऑइल 135 च्या पुढे जातं आणि मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉवर कापतो, पाय दाबून ठेवला तरी गाडी मेल्यासारखी चालते. जाड ॲल्युमिनियम रेडिएटर बसवला, लवकर उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) टाकला, फरक काय तर एक लॅप जास्त मिळाला, बास! थर्मोस्टॅटचं नंतर डोक्यात आलं, तो फक्त आधी उघडतो, पूर्ण उघडला की पुढे रेडिएटर जेवढी उष्णता फेकेल तेवढीच.

परवा बंपर काढून बघितलं तर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), एसीचा कंडेन्सर आणि मागे रेडिएटर असे एकामागे एक चिकटलेले, म्हणजे रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते, शिवाय बाजूच्या फटीतून बोट जातं, हवा तिथूनच पळत असणार.

आता फोम लावून फटी बंद करू, बॉनेटला व्हेंट पाडू की वेगळा ऑइल कूलर टाकू? आधी काय करावं? कूलंटमध्ये पाण्याचं प्रमाण वाढवून कोणाला फरक पडलाय का? रिमॅप (पॉवर वाढवायला ईसीयूच्या सेटिंग बदलणं) केलेला नाहीये, हे आधीच सांगतो.