कपाळाचा खळगा भरायचा आहे, चरबी की फिलर? लवकर सांगा

पऱ्हाटी:
लग्न २६ दिवसांवर आलं. कपाळावर खळगा आहे तो भरून घ्यायचा आहे. तालुक्याची पार्लरवाली ताई म्हणते ६ हजारात फिलर करून देते, सुई पण नाही, पेननं होते. मावसबहीण म्हणते मांडीची चरबी काढून भरतात ते कायमचं राहते. दोन्हीतलं कोणतं करू तेवढंच सांगा, लेक्चर नको, घरी तेच ऐकून राहिली. खर्च कमी पाहिजे, कापूस अजून घरातच पडून आहे.

संत्राबाग:
खळगा कशाचा? पडली होती का? फोटो टाक.

पऱ्हाटी:
फोटो नाही टाकत, आमच्या गावचे लोक आहेत इथं. खळगा म्हणजे खळगा, बोट बसते त्यात.

नाना_६४:
कायले पाहिजे बाप्पा हे. बाशिंग बांधलं, मुंडावळ्या सोडल्या की कपाळ दिसते कोणाले? पंगतीत लोक वांग्याची भाजी पाहतात, नवरीचं कपाळ नाही.

बुलेटवाला_भाऊ:
चरबीच कर. मी सांगतो ना, मी केली आहे. २०१९ ला रात्री रोही आडवा आला, गाडीसकट नालीत गेलो, कपाळाचं हाड दबलं. नागपूरला प्लास्टिक सर्जननं आधी सीटी स्कॅन काढला, मग पोटाची चरबी काढून मशीनमध्ये फिरवून बारीक नळीनं भरली. सुरुवातीले मुद्दाम जास्त भरतात कारण बरीच जिरून जाते. पंधरा दिवस कपाळ दुधी भोपळ्यासारखं, आई रडे पाहून. तीन महिन्यात निम्मी जिरली, मग सहा महिन्यांनी अजून एकदा भरली. आता कोणाले समजत पण नाही. एक गंमत, लग्नानंतर ११ किलो वाढलो तर कपाळ पण फुगलं, पोटाची चरबी ना ती, कुठंही ठेवली तरी गुण नाही सोडत.

पुण्यात_अडकलेला:
भाऊ तिच्याकडे २६ दिवस आहेत आणि तू सहा महिन्यांची गोष्ट सांगतोयस. फिलर बरं. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल असतं, नाही आवडलं तर हायल्युरोनिडेज टोचून विरघळवता येतं. मी डोळ्याखाली केलं, १ मिलीला २२ हजार घेतले. ६ हजार तर फारच कमी वाटतात, ती ताई नेमकं काय भरणार आहे ते विचार आधी.

बुलेटवाला_भाऊ:
अन् वर्षभरात जिरलं की परत २२ हजार. ईएमआय झाला तो. माझी एकदाची टिकली.

पुण्यात_अडकलेला:
टिकली म्हणे, दोनदा भरली स्वतःच लिहिलंस. आणि चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर ती विरघळवायचं औषध नाही, फिलरला तरी आहे.

टक्कल_३१:
कपाळाचा विषय निघालाच आहे तर, माझं कपाळच मोठं होऊन राहिलं, कांद्याचा रस लावून पाहिला, हेअर ट्रान्सप्लांट कुठं चांगलं होते?

संत्राबाग:
वेगळा धागा काढ बे.

ओपीडीवाली_ताई:
मी त्वचारोग ओपीडीत ७ वर्षं नर्स आहे. तुम्ही दोघं भांडणं थांबवा जरा. पऱ्हाटी, ते पेन अजिबात नको. दाबानं औषध आत मारते ते, किती खोल गेलं कोणालाच कळत नाही, अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं औषध खातं) २०२१ मध्ये लोकांना त्यापासून सावध केलं होतं. कपाळाच्या अन् भुवयांमधल्या रक्ताच्या नसा आत डोळ्याच्या रक्ताच्या नसेला जोडलेल्या असतात. चुकीच्या जागी गेलं तर डोळा जातो, मग फिलर असो की चरबी, अन् चरबीनं गेलेला तर फारच वाईट. हातात मिनिटं असतात, फार तर तास-दीड तास. तुमच्या तालुक्यावरून वर्धा गाठेपर्यंत खेळ संपला. त्या पार्लरवालीच्या फ्रिजमध्ये हायल्युरोनिडेज आहे का? बहुतेक मेंदीचे कोन असतील.
आता सांग, मार नाही लागला ना? खळगा उभा आहे की आडवा? वाढत आहे का?

पऱ्हाटी:
मार नाही लागला. उभा आहे, टिकलीच्या बाजूनं वर केसांपर्यंत. आधी रेघेसारखा होता, आता खोल झाला. वाढते की नाही माहीत नाही, रोज कोण मोजते. तुम्ही चरबी की फिलर ते सांगाच ना.

ओपीडीवाली_ताई:
तिथली कातडी चकाकते का? वर भांगात केस विरळ आहेत त्या पट्ट्यात?

पऱ्हाटी:
हो. म्हणून तर भांग उजवीकडून पाडते. तुम्हाले कसं माहीत?

ओपीडीवाली_ताई:
कारण असे पेशंट पाहिले आहेत. हे मॉर्फिया असू शकते, त्यात कातडी कडक होऊन आतली चरबी, कधी हाडसुद्धा आटत जाते, तलवारीचा वार बसल्यासारखी रेघ दिसते. मी डॉक्टर नाही, नक्की ते तेच सांगतील, गरज वाटली तर तुकडा काढून तपासतात. पण तेच असलं अन् चालू असलं तर वरून काय पण भरा, खाली खड्डा पडतच राहील. आधी गोळ्या-औषधांनी थांबवतात, बराच काळ शांत राहिलं की मग चरबी भरतात. म्हणजे बुलेटवाल्या भाऊचं चुकीचं नाही, त्याचं हाड दबलं होतं, तुझं वेगळं.

बुलेटवाला_भाऊ:
मी तेच म्हणून राहिलो होतो, चरबी.

नाना_६४:
लग्न पुढं ढकलू नको पोरी.

पऱ्हाटी:
लग्नाचं कोणी विचारलं नाही नाना.
आता दहावीचं हॉलतिकीट काढून पाहिलं. त्या फोटोत काहीच नाही. बारावीच्यात बारीक रेघ आहे.

ओपीडीवाली_ताई:
ती दोन्ही सोबत घे. सेवाग्राम किंवा सावंगी, जे जवळ पडते तिथं स्किन ओपीडी. सकाळी लवकर जा, आधार कार्ड ने, पावडर-फाउंडेशन लावू नको. लग्नाच्या दिवशी मेकअपवालीकडून रंगानं झाकून घे, त्यानं काही बिघडत नाही.

पऱ्हाटी:
पार्लरच्या ताईला ५०० ॲडव्हान्स दिला आहे, ते परत मागू का?

संत्राबाग:
मेहंदीत वळते कर म्हणा.