मामीची स्पर्धा फक्त दक्षिण आशियापुरतीच का?

पिटातला:
कोविडनंतर 2023 ला मामी, म्हणजे मुंबई अकादमी ऑफ मूव्हिंग इमेजचा सिनेमा फेस्टिव्हल, परत आला तो स्पर्धेचं दार लहान करूनच. आता स्पर्धेत फक्त दक्षिण आशियातले आणि इथून परदेशी गेलेल्यांचे सिनेमे. मला हे अजिबात पटलेलं नाही. 2014 ला 'कोर्ट'ला मामीत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा समोर देशोदेशींचे पदार्पणाचे सिनेमे होते. मुंबईतल्या शाहिरावरच्या खटल्याची गोष्ट त्यांच्यापुढे उभी राहिली आणि जिंकली. त्या बक्षिसाचं वजन तिथून आलं.

रेखा_ठाणे:
'कोर्ट'ला व्हेनिसच्या फेस्टिव्हलला आधीच गौरवलं होतं, मामीवाचून त्याचं काही अडलं नसतं. अडतं ते नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशातल्या नवख्यांचं. कोरियन सिनेमा मी घरी बघते, काठमांडूतला पहिलाच सिनेमा ठाण्यात कुठे लागणार? आणि फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलचे सिनेमे स्पर्धेबाहेर दाखवतातच की. 2024 ला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' बघताना छाया कदम रत्नागिरीला गावी परतते तिथे शेजारच्या आजी पुढे सरकून बसल्या, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. आपल्या भागाचा सिनेमा मधोमध ठेवला की असं होतं.

पिटातला:
रेखाताई, तो सिनेमा मलाही फार आवडला. पण स्पर्धेबाहेरच्या परदेशी सिनेमाची बहुतेकदा नुसती फाइल येते. स्पर्धेत असला की दिग्दर्शक स्वतः येतो. खेळ संपल्यावर आपली पोरं त्याला जिन्यात गाठून विचारतात, पैसे कुठून उभे केलेस? ते घरी बसून मिळत नाही.

चव्हाण_सेंटरवाला:
दोघांचंही खरं आहे, पण मला काळजी वेगळीच आहे. 1997 ला हृषिकेश मुखर्जी आणि इतर सिनेमावाल्यांनी ही अकादमी उभी केली. गोव्याच्या इफ्फी फेस्टिव्हलसारखं सरकार पाठीशी नाही, सगळी भिस्त प्रायोजकावर. 2014 ला तो गेला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली म्हणून फेस्टिव्हल झाला. 2025 ला तर झालाच नाही. आधी दरवर्षी भरू दे.

रेखा_ठाणे:
म्हणूनच म्हणते काका, काठमांडू-ढाक्याहून पाहुणा आणणं परवडतं.

पिटातला:
मग निदान पदार्पणाचं एक बक्षीस सगळ्या जगाला खुलं ठेवा. पाच सिनेमे, पाच पाहुणे. तेवढ्यासाठी वर्गणी काढायची असेल तर माझे पैसे आधी घ्या.