1812 चं युद्ध: वॉशिंग्टन, बाल्टिमोर, नायगरा सहलीत काय बघावं?

जर्सीकर_मानसी
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, तिला शाळेत 1812 च्या युद्धावर प्रकल्प आहे. पुण्याहून आई-बाबाही आलेत. वॉशिंग्टन, बाल्टिमोर आणि नंतर नायगरा असं जायचं आहे. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. बाबा नौदल गोदीतून निवृत्त, त्यांचा प्रश्न असा की 1776 ला स्वातंत्र्य जाहीर केलं, मग परत इंग्रजांशी भांडण कशाला? मला नीट सांगता आलं नाही. काय बघावं, कुठल्या क्रमाने?

खलाशी
काकांना सांगा, इंग्रज तेव्हा नेपोलियनशी झुंजत होते आणि खलाशी कमी पडत होते. म्हणून अमेरिकन जहाजं भर समुद्रात अडवून माणसं उचलायची आणि आपल्या नौदलात जुंपायची. वर व्यापारावर निर्बंध. अर्थात अमेरिकेतल्या बऱ्याच जणांचा डोळा कॅनडावर आणि मूळ रहिवाशांच्या जमिनीवरही होता, ते शाळेच्या पुस्तकात जरा हळू आवाजात सांगतात. 18 जून 1812 ला युद्ध पुकारलं. व्यापारावरचे निर्बंध इंग्लंडने त्याच आठवड्यात उठवले, पण बातमी जहाजानेच यायची, तोवर उशीर झाला होता.

बाल्टिमोरचा_बाब्या
आधी वॉशिंग्टन करा. अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो मूळ झेंडा आहे, बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला, ज्यावरून अमेरिकेचं राष्ट्रगीत सुचलं. प्रवेश फुकट. दालनात मुद्दाम अंधूक उजेड ठेवलाय, फोटो काढू देत नाहीत. झेंडा मेरी पिकर्सगिल या बाईने शिवला. मूळ मापं 30 बाय 42 फूट, घरात मावेना म्हणून शेजारच्या दारूभट्टीच्या फरशीवर पसरून शिवला. तिच्या हाताखाली ग्रेस विशर ही कृष्णवर्णीय मुलगी होती, लेकीपेक्षा फार मोठी नसेल. प्रकल्पात तिचं नाव जरूर घाला. पंधरा ताऱ्यांतला एक गायब आहे, कुणीतरी आठवण म्हणून कापून नेला!

मग बाल्टिमोरला फोर्ट मॅकहेन्री. ऑगस्ट 1814 मध्ये इंग्रजांनी व्हाइट हाउस आणि संसद जाळली आणि सप्टेंबरात इकडे वळले. 13 तारखेपासून सुमारे 25 तास मारा केला. डॉ. बीन्स नावाच्या कैद्याला सोडवायला गेलेला वकील फ्रान्सिस स्कॉट की हे सगळं जहाजावरून बघत होता, त्याची कविता पुढे राष्ट्रगीत झाली. सकाळी झेंडा बदलताना पर्यटकांनाही हात लावायला बोलावतात, हवा ठीक असेल तर. किल्ला छोटा आहे, काकूंना जमेल.

गिरगावकर
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की ती कविता मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिली. जहाज खरंच वाडियांनी मुंबईत बांधलेलं, पण फ्रान्सिस की तेव्हा अमेरिकन जहाजावर होता. काकांना खरा दुवा द्या: मुंबईतच बांधलेलं 74 तोफांचं ब्रिटिश 'कॉर्नवॉलिस'. एप्रिल 1815 मध्ये अमेरिकन युद्धनौका 'हॉर्नेट'ला ते लांबून मालवाहू वाटलं, आयती शिकार म्हणून जवळ गेले आणि मग पळता भुई थोडी. तोफा, नांगर, होड्या सगळं समुद्रात फेकून कसेबसे निसटले. जूनमध्ये सुंदा सामुद्रधुनीत अमेरिकन 'पीकॉक'ने ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचं, म्हणजे बॉम्बे मरीनचं, 'नॉटिलस' ठोकलं. युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या तर डिसेंबर 1814 मध्येच झाल्या होत्या!

तात्या_डेट्रॉइट
हे सगळं ठीक, पण फक्त बाल्टिमोर बघून परत गेलात तर लेकीला अर्धीच गोष्ट कळेल. वॉशिंग्टन का जळलं? एप्रिल 1813 मध्ये अमेरिकनांनी यॉर्कची, म्हणजे आजच्या टोरंटोची, विधानसभा जाळली होती. डिसेंबरात नायगराकाठचं न्यूआर्क गाव भर थंडीत पेटवून दिलं, लोक बर्फात उघड्यावर. इंग्रजांनी त्याच महिन्यात फोर्ट नायगरा घेतला आणि बफेलो जाळलं. तेव्हा कॅनडाची बाजू बघाच: क्वीन्स्टन हाइट्स, जिथे इंग्रजांचा सेनापती ब्रॉक लढाईत पडला, आणि फोर्ट जॉर्ज. ब्रॉकच्या स्मारकाच्या आतल्या पायऱ्या काकूंनी चढू नयेत, खाली बागेत बाकं आहेत.

आणि टेकुमसे विसरू नका. मूळ रहिवाशांना एकत्र आणणारा हा माणूस इंग्रजांच्या बाजूने लढला आणि ऑक्टोबर 1813 मध्ये मारला गेला. तहात दोन्ही देशांनी एकमेकांची जमीन परत केली. हरले ते टेकुमसेचे लोक. माझं मत विचाराल तर प्रकल्पाचा विषय हाच घ्यावा, झेंडा सगळीच मुलं घेतात.

जर्सीकर_मानसी
तात्या, लेकीला पटलंय. बाबा मात्र कॉर्नवॉलिसला चिकटलेत, सागाचं होतं का विचारतायत. पण आई-बाबांकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा आहे.

गिरगावकर
सागाचंच. पुढे 1842 ला इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला.

तात्या_डेट्रॉइट
भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. नसेल तर अमेरिकेच्या बाजूलाच यंग्सटाउनला ओल्ड फोर्ट नायगरा बघा, तोच तो इंग्रजांनी घेतलेला. नदीपलीकडे नायगरा-ऑन-द-लेक दिसतं, तेच जुनं न्यूआर्क. वारा बोचरा असतो तिथे, काकूंना स्वेटर घ्या.