१०,०००ची मर्यादा उठली आहे

शहीद आणि अपंग जवानांच्या मुलांना महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतच फी मिळते, असा काहींचा समज आहे. ती मर्यादा जुलै २०१७मध्ये आली, पण मार्च २०१८मध्ये सरकारने मागे घेतली. तेव्हा त्या भीतीने कुणी चांगली शाळा सोडू नका.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीही असते. ती वीरपत्नीलाही मिळते, मुलींइतकीच, महिन्याला ३,००० रुपये. ज्या परीक्षेवर प्रवेश मिळतो (बारावी, डिप्लोमा किंवा पदवी) तिच्यात ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. आमच्या नात्यातल्या एका वीरपत्नीला बी.एड.साठी मिळाली. तिच्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पेन्शनच्या कागदांवर सासरचं; प्रतिज्ञापत्र करेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. नावं आधीच जुळवून ठेवा!